उशीर का झाला?

वाकोल्याच्या आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत, दाराशी उजेड यायचा तिथे माझं पायमशीन. मी ब्लाउज शिवायचे. घरात मोठे दीर, माझी जाऊ, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, माझा नवरा, मी आणि साडेतीन महिन्यांची माझी लेक. जावेला मी वहिनी म्हणायचे. ती माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे लग्नानंतर जे काही आईने करायचं असतं ते सगळं वहिनीने केलं.

गणपतीला गावी जायचं होतं. सगळ्यांचे कपडे झाले, आणि निघायच्या चार दिवस आधी वहिनी आपला जुना टू बाय टूचा ब्लाउज घेऊन मशीनपाशी आली.

"डाव्या बाजूची शिलाय जरा उसव गो," ती म्हणाली.

"एकाच बाजूची?"

"होय. एकाच बाजूची."

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे ऐकून जे वाटेल तेच मला वाटलं. माणूस जाड होतं तेव्हा दोन्ही बाजूंनी होतं. मी टेप उचलली आणि म्हटलं, "उभी राहा, माप घेते."

"माप कित्याक? अंदाजान उसव."

मी ऐकलं नाही. टेप पाठीमागून पुढे आणताना माझी बोटं काखेखाली टेकली आणि तिथे मला काहीतरी कडक लागलं. आवळ्याएवढं. वहिनीने पदर घट्ट ओढून घेतला.

"कधीपासून आहे हे?"

"आसा कधीचा तरी."

"दुखतं?"

"दुखणा नाय, खुपणा नाय, मगे डॉक्टराक कित्याक दाखवूचा?" असं म्हणून ती आत गेली आणि मोरीत भांडी घासायला बसली.

त्या काळी आमच्या घरात मोठ्या दिरांशी मी डोक्यावर पदर घेऊन बोलायचे. त्यांना ही गोष्ट सांगायची कशी? मी नवऱ्याला सांगितलं. तोही जमिनीकडे बघत ऐकत राहिला. मग तो भावाला घेऊन नळापाशी गेला. दोघं तिथे किती वेळ उभे होते. परत आले तेव्हा दीर वहिनीला एवढंच म्हणाले, "उद्या मी रजा टाकतो." गावी जाणं राहून गेलं.

सांताक्रूझच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सुई घातली, फोटो काढले, आणि दहा दिवसांच्या आत ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा असं ठरलं.

ऑपरेशननंतर वहिनी कोणाशी बोलेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दीर यायचे, स्टुलावर बसायचे, मोसंबी सोलायचे, आणि सोललेल्या फोडी बशीत ठेवून निघून जायचे. चौथ्या दिवशी मी तिथे असताना एक बाई वॉर्डात आली. साठीच्या आसपासची असेल. खळ घातलेली सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. खाटेच्या या बाजूला न थांबता ती सरळ भिंतीच्या बाजूला गेली, वहिनीच्या तोंडासमोर.

"मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही," ती म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी त्या खिडकीजवळच्या खाटेवर मी होते. तुमचं झालं तेच ऑपरेशन."

वहिनीने डोळे उघडले. पहिल्यांदा तिने बाईच्या छातीकडे बघितलं. एका बाजूला, मग दुसऱ्या.

"बघा, बघा. लाजू नका. कुठली बाजू, ओळखा."

वहिनी बराच वेळ बघत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "उजवी?"

"चुकलात. डावी. तुमचीच."

वहिनीच्या तोंडावर हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र तिथे रडू फुटलं आणि मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले.

ही बाई शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली होती. सगळेजण तिला नुसतं बाई म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. आपल्यासारख्या चार-पाच जणींना जमवून बाईंनी एक संस्था काढली होती. संस्था म्हणजे अंधेरीला पूर्वेला, एका इमारतीत तळमजल्यावरची मागची खोली. एका होमिओपॅथी डॉक्टरांनी वापरायला दिलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती उघडी असायची. बाकीच्या दिवशी बाई वॉर्डात फिरायच्या.

त्या दिवशी त्यांनी वहिनीला उठवून भिंतीशी उभं केलं. बोटं भिंतीवर ठेवायची आणि कोळ्यासारखी एकेक करून वर चढवायची. जिथे दुखेल तिथे थांबायचं. "घरी गेल्यावर पेन्सिलीने खूण करा," त्यांनी सांगितलं. "उद्याची खूण आजच्या वर पाहिजे. अगदी केसभर वर असली तरी चालेल. पण हे केलं नाहीत तर हात आखडेल, मग केस कोण विंचरणार तुमचे?"

घरी आमच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर महिनाभरात पेन्सिलीच्या खुणांची शिडी उभी राहिली. पुतणी रोज कॉलेजातून आली की आधी आईला भिंतीशी उभी करायची.

आणखी काही नियम होते. त्या हाताने बादली उचलायची नाही, त्या हाताला भाजू-कापू द्यायचं नाही, बांगड्या घालायच्या नाहीत. बादलीचं वहिनीने ऐकलं. बांगड्यांचं ऐकेना. सवाष्णीचा एक हात रिकामा कसा ठेवायचा? बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याही एकाच हातात आहेत. आणि नवरा ठणठणीत आहे."

चाळीतल्या बायका भेटायला यायच्या. काही प्रेमाने, काही बघायला. एकदा शेजारच्या खोलीतली बाई आली, तेव्हा माझी लेक वहिनीच्या मांडीवर झोपली होती. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "तान्हं पोर आहे, जरा लांबच ठेव हं." ती हळू बोलली असं तिला वाटलं, पण दहा फुटांच्या खोलीत हळू काय आणि मोठ्याने काय. दुसऱ्या दिवसापासून वहिनीने माझ्या लेकीला उचलणं बंद केलं. पोर रडायला लागली तर मला हाक मारायची आणि स्वतः दाराकडे सरकायची. मी सांगून बघितलं, दिरांनी सांगून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

मग एक दिवस बाई घरी आल्या. कोणाकडून कळलं त्यांना कोण जाणे, बहुतेक पुतणीने सांगितलं असावं. चहा झाला. त्या उठल्या, पाळण्यातून पोरीला काढलं, वहिनीच्या उजव्या हाताशी नीट ठेवलं, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात शिकवायचा आवाज तो. सगळ्या चाळीला ऐकू गेला असेल.

"हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही! लागत असता तर आमचे यजमान आठ वर्षं माझ्या शेजारी घोरतायत, त्यांना पहिल्यांदा लागला असता!"

वरच्या माळ्यावरून कोणीतरी खुदकन हसलं. वहिनीने पोरीला धरून ठेवलं. त्यानंतर तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

जाता जाता बाईंनी माझ्या मशीनकडे बघितलं. "हा ब्लाउज तुम्ही शिवलात?" त्यांनी वहिनीच्या अंगातल्या ब्लाउजचा मुंढा चिमटीत धरून पाहिला. "मग शुक्रवारी या अंधेरीला. तुमच्याकडे काम आहे."

शुक्रवारी गेले. खोलीत एक टेबल, एक कपाट, चार स्टुलं, कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे पुरुषभर उंचीचा आरसा. पाच-सहा जणी बसल्या होत्या. काम होतं ते असं. ऑपरेशननंतर रिकाम्या बाजूला काय घालायचं, हा सगळ्यांपुढचा प्रश्न होता. कोणी रुमालाची घडी घालायची, कोणी कापूस. परदेशातून आणलेला रबराचा एक नमुना बाईंकडे होता, पण तो एकच, आणि कोणाच्या मापाचा नाही. कापसाला वजन नसतं. हात वर केला की कापूसही वर चढतो. अंधेरीची एक बाई बसमध्ये दांडा धरायचीच नाही, म्हणून दोनदा पडली होती.

मी वहिनीच्या मापाने मांजरपाटाची पहिली उशी शिवली. आम्ही तिला उशीच म्हणायचो. आत कापूस आणि मध्यभागी वजनाला मूठभर मोहरी. वहिनीने ती ब्लाउजच्या आतल्या बॉडीत घातली, वरून ब्लाउज घातला, आणि पडद्यामागे आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ बाहेर येईना. मी पडदा सारून बघितलं तर ती एकदा समोरून, एकदा बाजूने बघत होती, पदर नीट करत होती.

"बरा दिसता," ती म्हणाली. "पण जरा उजवीपेक्षा तरुण झाला."

मी कापूस कमी केला.

मोहरीच्या उशा मी आठ-दहा जणींना शिवून दिल्या आणि मला वाटलं, झालं काम. मग पावसाळ्यात मुलुंडहून एक बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं. तिने उशी धुतली होती, बाहेर पाऊस म्हणून घरातच दोरीवर टाकली होती. तीन दिवसांनी बघते तर मोहरीला मोड आलेले. कापडातून हिरवी टोकं बाहेर डोकावत होती.

"आता हिला पाणी घालू की अंगात घालू, सांगा," ती मला म्हणाली. रागावली होती खरी. पण बोलता बोलता तिलाच हसू आलं, आणि मग खोलीतल्या सगळ्याजणी इतक्या हसल्या की होमिओपॅथी डॉक्टर बघायला आले. त्यांना कोणी काही सांगेना.

मोहरी बंद झाली. काचेचे बारीक मणी घालून बघितले. मण्यांना पाण्याचं भय नव्हतं, पण ते मधे गोळा होऊन उशी पुढे टोकदार दिसायची. तो गुंता सोडवला वेसाव्याच्या एका कोळणीने. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना ती मासळीची पाटी घेऊन पुन्हा बाजारात बसायला लागली होती. तिने माझी उशी हातात घेतली, तळहातावर झेलून बघितली आणि परत माझ्यापुढे टाकली.

"जाल्याला शिसं कुठं बांधतात? मधी बांधतात काय? खालच्या काठाला बांधतात, लायनीने. तवा जालं सरल उभं ऱ्हातं. तुजं वजन मधी हाय. खाली ने त्याला."

मी उशीच्या खालच्या काठाला कापडाची अर्धगोल नळी शिवली, नळीत तीन ठिकाणी टीप मारून कप्पे केले आणि कप्प्यांत मणी भरले. ती उशी जागची हलली नाही. हात वर केला, वाकलं, पाटी डोक्यावर घेतली, तरी नाही. मालाडच्या बाजारातून मी मणी आणायचे आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही तशाच उशा शिवल्या. मावशीने पहिली उशी घातली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आता कोन बोलंल मना?" आणि पदर खोचून तशीच बाजाराला गेली.

दोनेक वर्षं अशी गेली. वहिनीचा शेक संपला होता, दर तीन महिन्यांनी तपासणी असायची. ती माझ्याबरोबर संस्थेत यायला लागली होती. नवीन बाई आली की वहिनी तिला पडद्यामागे घेऊन जायची. आत काय बोलायची ते आम्हाला ऐकू यायचं नाही.

त्याच सुमाराला हॉस्पिटलातली एक तरुण डॉक्टरीण खोलीवर आली. तिला एक अभ्यास करायचा होता. गाठ लागल्यापासून एखादी बाई डॉक्टरकडे येईपर्यंत किती काळ जातो, आणि तो का जातो? हॉस्पिटलात विचारलं तर बायका काहीतरी सांगून मोकळ्या होतात, घरी जाऊन कोणी विचारलं तर खरं बोलतील, असं तिला वाटत होतं. जायला तिच्याकडे माणसं नव्हती. बाईंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही कामं वाटून घेतली. बाईंनी घाटकोपर-मुलुंडकडचा भाग घेतला, मी वाकोला, कलिना, मालाड.

फॉर्म इंग्रजीत होता, बाईंनी त्याचा मराठीत तर्जुमा केला. शेवटचा प्रश्न होता, 'उशीर का झाला?' आणि त्याच्यापुढे पाच चौकटी: दवाखाना लांब, पैसे नव्हते, माहिती नव्हती, भीती वाटली, इतर. एका चौकटीत बरोबरची खूण करायची.

पहिल्याच आठवड्यात माझी पंचाईत झाली. कलिन्याची एक बाई म्हणाली, "लेकीचं लग्न ठरलं होतं. आईला हा रोग म्हटल्यावर सोयरीक मोडली असती." ही कुठली चौकट? मालाडची एक म्हणाली, "एका खोलीत आम्ही आठ जण. आंघोळसुद्धा परकर छातीशी बांधून करते मी. स्वतःला उघडं बघायला जागा कुठे आहे?" आणखी एकीने सांगितलं, की गाठ नवऱ्याला माहीत होती, दोघांनी मिळून ती कोणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येकजण एक वाक्य म्हणायचीच. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून म्हटलं बघू पुढे.

मी 'इतर'वर खूण करायचे आणि फॉर्म उलटून मागच्या कोऱ्या बाजूला त्या जे बोलल्या ते तसंच्या तसं लिहायचे. शिवणकामाचा हिशेब लिहायची सवय, अक्षर काही चांगलं नव्हतं. डॉक्टरीण पहिला गठ्ठा न्यायला आली तेव्हा मला भीती वाटत होती की फॉर्म खराब केले म्हणून ओरडेल. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. मग बसली. पिशवी खांद्यालाच होती. सगळा गठ्ठा वाचून झाल्यावर तिने विचारलं, "हे सगळं त्या स्वतः बोलल्या?"

"हो. मी माझं काही घातलं नाही."

"मग चौकटी राहू देत. पुढच्या वेळी मी फॉर्मवर मोकळ्या ओळीच ठेवते. तुम्ही असंच लिहा."

माझ्या यादीत वहिनीचंही नाव होतं. तो फॉर्म मी शेवटपर्यंत ठेवला होता. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एका दुपारी वहिनी दाराशी तांदूळ निवडत बसली होती, माझी लेक बाजूला खडे जमवत होती, आणि वहिनीनेच विचारलं, "माझो फारम खंय? सगळ्यांक इचारतंस, माका नाय?"

मी फॉर्म काढला. वय, गाव, मुलं किती. मग विचारलं, "गाठ पहिल्यांदा कधी लागली?"

"होळीक."

माझं पेन थांबलं. होळी ते गणपती. आणि मधे, मे महिन्यात, माझं बाळंतपण झालं होतं. पोट फाडून करावं लागलं होतं. दीड महिना मी अंथरुणातून नीट उठले नव्हते. माझं पाणी तापवण्यापासून पोरीला मालिश करून न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं वहिनीने केलं होतं. डिंकाचे लाडू वळताना ती मधेच डावा हात झटकायची, तेही मला आठवलं.

"उशीर का झाला?" मी विचारलं. कागदावर तसंच छापलेलं होतं.

"लिव, येळ गावलो नाय."

मी लिहिलं, वेळ मिळाला नाही. मग म्हटलं, "वहिनी, खरं सांग."

तिने सुपातले तांदूळ एका बाजूला केले. "खरा ताच. होळीक गाठ गावली. तुका सातवो म्हयनो. माका वाटला, आसात कायतरी, जायत बसान. मगे तुझा पोट फाडल्यानी. तेव्हा मी हॉस्पिटलात जाऊन पडलंय असतंय तर तुझ्या चेडवाक न्हाऊ कोण घालणार होता?"

"मला सांगायचं तरी."

"सांगलंय असतंय तर तू माका करूक दिलं असतंस?"

मी उठले. बादली घेऊन नळावर गेले. नळाला पाणी नव्हतं, ती पाण्याची वेळच नव्हती, पण मी तिथे कठड्यावर बसून राहिले. आपल्या पोरीच्या न्हाण्यात वहिनीचे ते महिने गेले, हे एकदा कळल्यावर मला घरात तिच्यासमोर उभं राहता येईना. थोड्या वेळाने वहिनीच बाहेर आली. पोरीला कडेवर घेऊन. उजव्या.

"फारम पुरो कर," ती म्हणाली. "मी बोललंय ता लिव. आणि तुझ्यामुळे नाय ता. ह्या घरात तेव्हा तू नसतंस तर दुसरा काम असता. माझाच चुकला, मी लपवलंय."

मी लिहिलं. तिने सांगितलं तसंच.

तो गठ्ठा द्यायला मी स्वतः हॉस्पिटलात गेले. डॉक्टरिणीला विचारलं, "सहा महिन्यांनी काय फरक पडला असेल? होळीलाच आली असती तर?"

तिने मला खोटा दिलासा दिला नाही आणि घाबरवलंही नाही. म्हणाली, "लवकर आलेलं चांगलंच. पण एका बाईचं मी नेमकं सांगू शकत नाही. पुष्कळ जणींचं एकत्र बघितलं की थोडंफार सांगता येतं. म्हणून तर हे फॉर्म." मग वहिनीची फाईल मागवून घेतली आणि शेवटच्या तपासणीचा कागद मला वाचून दाखवला. त्यात काही वाईट नव्हतं.

त्या फॉर्मांमुळे संस्थेचं एक मोठं काम बदललं. बाई महिला मंडळांत जाऊन माहिती द्यायच्या, पण त्यांच्याकडे हॉस्पिटलातून मिळालेली मोठी चित्रं होती, जखमांची. ती उघडली की अर्ध्या बायका माना खाली घालायच्या आणि दाराजवळच्या उठून जायच्या. आता बाईंनी चित्रं कपाटात ठेवली. बोलणं सुरूच करायचं ते असं: दुखत नाही म्हणून थांबू नका, न दुखणारी गाठही दाखवा. आणि आरशासमोर उभं राहून तपासा, असं सांगणं सोडून दिलं. त्याऐवजी आंघोळीच्या वेळी, परकर बांधलेला असला तरी आतून साबणाचा हात कसा फिरवायचा, किंवा अंथरुणात पडल्या पडल्या चादरीखाली कसं बघायचं, ते दाखवायचं. मालाडच्या त्या बाईने सांगितलं नसतं तर हे आमच्या डोक्यात आलं नसतं.

घाटकोपरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. बाईंचं भाषण ठरलेलं, आणि नेमका त्या दिवशी त्यांचा घसा बसला. चार शब्द बोलल्या आणि आवाजच फुटेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चार माणसांत कधी उभी राहिले नव्हते. तेवढ्यात उशांची पिशवी सांभाळत मागे बसलेली वहिनी उठली.

ती पुढे जाऊन उभी राहिली. मग मालवणी आणि मुंबईचं मिसळून बोलायला लागली.

"माझी डावी बाजू काढलेली आहे. ही कापसाची आहे, माझ्या जावेने शिवली. माका गाठ होळीला लागली, मी गणपतीपर्यंत गप्प राहिले. दुखत नव्हती. आणि घरात काम होतं. घरात काम कोणाला नसतं? तुम्हाला नाही?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"तर माझं ऐका. गाठ लागली तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. नवऱ्याला सांगायची लाज वाटत असेल तर जावेला सांगा, नणंदेला सांगा. माझ्या जावेच्या हाताला लागली म्हणून मी आज उभी आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या काळी बायका टाळ्या वाजवायला बिचकायच्या. पण ती खाली बसल्यावर तीन-चारजणी तिच्याभोवती येऊन बसल्या आणि हळू आवाजात विचारायला लागल्या. वाण तसंच ताटात राहिलं.

पुढच्या शुक्रवारी त्यातली एक घाटकोपरहून खोलीवर आली. तिच्या छातीत लहानशी गाठ होती, दोन महिन्यांपासून. बाई तिला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. पंधरा दिवसांनी ती पेढे घेऊन आली. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता. ती ओशाळून म्हणाली, "उगाच तुम्हाला सगळ्यांना त्रास दिला."

वहिनीने पेढा तोंडात टाकला. "असो त्रास रोज देयत जा," ती म्हणाली.

सगळ्याच अशा सुटल्या नाहीत. जिच्या उशीला मोड आले होते, ती मुलुंडची बाई ऑपरेशननंतर चौथ्या वर्षी गेली. तिचा आजार हाडांत उतरला होता. तिचा नवरा एक दिवस खोलीवर आला आणि धुऊन, इस्त्री करून आणलेल्या तिच्या दोन उशा टेबलावर ठेवल्या. "कोणाच्या मापाच्या असतील तर," एवढंच म्हणाला. त्याला चहा दिला, तो त्याने घेतला. आम्ही त्या उशा बरेच दिवस कपाटात तशाच ठेवल्या. हात धजत नव्हता. शेवटी भांडुपची एक बाई आली, घाईत होती, मुलाच्या मुंजीला जायचं होतं आणि नवीन शिवायला वेळ नव्हता. बाईंनी तिला त्या कोणाच्या होत्या ते आधी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना चालल्या ना? मग मला चालतील."

डॉक्टरिणीचा अभ्यास पुरा व्हायला चार वर्षं लागली. तो कुठल्याशा वैद्यकीय मासिकात इंग्रजीत छापून आला तेव्हा ती ते मासिक घेऊन खोलीवर आली. टेबलाभोवती आम्ही सगळ्या बसलो, मावशी बाजार आटोपून आली होती, आणि डॉक्टरीण एकेक वाक्य मराठीत करून सांगत होती. बरेचसे आकडे आम्हाला कळले नाहीत. पण एका ठिकाणी लिहिलं होतं की उशीर होण्याचं कारण पुष्कळ बायकांच्या बाबतीत अज्ञान नसून घरातल्यांची कामं आणि घरातला संकोच हे आहे, आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारताना हे ध्यानात ठेवावं. शेवटी संस्थेतल्या कार्यकर्त्यांचे आभार होते. बाईंनी चष्मा काढून पुसला.

वहिनी वाकून त्या पानाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं.

"ह्यात माझा खंय आसा?" तिने विचारलं.

डॉक्टरिणीने एका तक्त्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्यात. सहा महिने थांबलेल्या आणि पाच वर्षांनंतर बऱ्या असलेल्या. त्यातल्या एक तुम्ही."

वहिनीने त्या आकड्यावर स्वतःचं बोट ठेवलं, आणि मग मला म्हणाली, "बघ गो, तुझा लिवलेला छापून इला." मावशीने विचारलं, तिचा आकडा कुठला. डॉक्टरीण तो शोधायला लागली.